फाटकाबाहेरचा राउंड

"कसंतरी म्हणजे नेमकं कसं?" असं विचारण्याआधी तिने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. हातात काही नव्हतं. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत पेशंटकडे जाताना हात स्वच्छ केल्याचं दिसलं नाही तर मार्क जातात, म्हणून लागलेली ती सवय. माझ्या बायकोला, सुनंदाला, हे ठाऊक नव्हतं. पोरगी थंडीने गारठली असं वाटून तिने हीटिंग वाढवलं. मग सांगितलं, की पोटात कसंतरी होतंय म्हणजे कसंतरीच होतंय, त्यात नेमकं काय असणार.

परभणीची ही डॉक्टर आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तो हा पहिला दिवस. संध्याकाळपर्यंत सुनंदाच्या पोटाचा पूर्ण इतिहास तिने काढला होता. त्यातला बराचसा मला लग्नाला तीस वर्षं होऊनही माहीत नव्हता.

ती इथे अटॅचमेंट करायला आली होती. तुमच्या घरात कोणी डॉक्टर नसेल तर सांगतो. बाहेरच्या देशातला डॉक्टर इथली परीक्षा पास झाला, तरी त्याला लगेच कोणी नोकरी देत नाही. आधी एखाद्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरच्या मागे महिना-दीड महिना नुसतं उभं राहायचं. पगार नाही, पेशंटला हात लावायचा नाही. लग्नात नवरीमागे करवली उभी असते, तसं. पण त्या उभं राहण्यातून वॉर्ड कसा चालतो, माणसं कशी बोलतात हे कळतं, आणि शेवटी तो मोठा डॉक्टर तुमच्याबद्दल चार बरे शब्द सांगतो. त्या शब्दांवर नोकरी, नोकरीवर पुढचं ट्रेनिंग. तिला म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर व्हायचं होतं. का, असं सुनंदाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, म्हातारी माणसं खोटं लई छान बोलतात. मला ते पकडायला आवडतं."

ती आली आणि पंधरा दिवसांत साथ आली. हॉस्पिटलांनी बाहेरच्यांना दारं बंद केली. तिच्या मोठ्या डॉक्टरने अतिशय सभ्य भाषेत कळवलं, की तुमची अटॅचमेंट अनिश्चित काळासाठी पुढे ढकलावी लागत आहे, याचा आम्हाला मनापासून खेद वाटतो.

"काका, अनिश्चित म्हणजे नेमकं कधीपर्यंत?" तिने विचारलं.

मी इथल्या बंदरातल्या ऑफिसात आयुष्य काढलं आहे. इंग्रज माणूस मनापासून खेद व्यक्त करतो तेव्हा विषय संपलेला असतो, हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "बघू."

तिची आई परभणीहून रोज विचारायची, दवाखाना लागला का. ती म्हणायची, लागतोय. अर्ज जात होते. प्रत्येक ठिकाणाहून एकच प्रश्न येई, या देशातला अनुभव किती. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. यातून सुटायची जी एक फट होती, तीच बुजली होती. तिच्यासारखी चार मुलं मँचेस्टरला एका घरात अडकली होती. ती मुलं आणि ही व्हिडिओवर एकमेकांना पेशंट करून तपासत. त्यातला कोल्हापूरचा एक जण नेहमी इंग्रज आजीबाई व्हायचा आणि ऐन वेळी "आयला, दुखतंय की" म्हणून सगळं नाटक मोडायचा.

शेवटी सुनंदानेच तिला घराबाहेर काढलं. आमच्या भागात काही लोकांनी घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना सामान आणि औषधं पोचवायचं काम हाती घेतलं होतं. सुनंदा म्हणाली, हॉस्पिटलात घेत नाहीत तर नाही, म्हातारे काय फक्त तिथेच असतात?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर तिचा राउंड सुरू झाला. पिशवी फाटकाशी ठेवायची, चार पावलं मागे यायचं आणि विचारायचं. त्या काळात तुम्ही आमच्या रस्त्यावर असतात तर एक विलक्षण दृश्य पाहिलं असतं. मास्क लावलेली एक लहानखुरी मुलगी दुधाच्या बाटल्या खाली ठेवून एखाद्या आजोबांना विचारतेय, की शौचाला साफ होतं का, आणि तीन घरं पलीकडचे लोक खिडकीत येऊन उत्तराची वाट बघतायत.

रोज घरी आली की ती माझ्याकडून अर्थ लावून घ्यायची. कुणी म्हणालं, नॉट टू बॅड. "नॉट टू बॅड म्हणजे नेमकं किती बॅड?" मी सांगायचो, ते आवाजावर असतं. एका आजोबांनी सांगितलं, आय हॅव बीन इन द वॉर्स. तिने अदबीने विचारलं, कुठल्या लढाईत होतात. ते शेडच्या छपरावरून पडले होते. नुसतं खरचटलं, लागलं तरी इथे तसं म्हणतात, हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, ही माणसं मोठं दुखणं लहान करून सांगतात आणि लहान दुखण्याला लढाई म्हणतात, यांना तपासायचं कसं?

रस्त्याच्या टोकाला मिस्टर डॉब्ज राहायचे. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी टगबोट चालवून रिटायर झालेले, एकटे, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर नाराज. एकदा त्यांचे कांदे मिळाले नाहीत. ही परीक्षेसाठी पाठ केलेल्या सुरात म्हणाली, "हे ऐकून मला फार वाईट वाटलं. याचा तुमच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला आहे?" डॉब्जनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "तू बँकेतून बोलतेस का?" आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी ती रडली. कांद्यांवरून नाही. अटॅचमेंट रद्द झाली तेव्हाही ती रडली नव्हती. म्हणाली, दीड महिना कुणाच्या मागं उभी राहिले असते तर एवढं तरी कळलं असतं, की माणसाशी बोलायचं कसं.

मी तिला सांगितलं, आधी हवामान. आपल्याकडे 'जेवलात का' म्हणतो ना, तसं इथे हवामान. त्यावर पाच मिनिटं घालव, पोट आपोआप निघतं. तिने ते औषधाच्या डोसासारखं पाळलं. पुढे पुढे ती डॉब्जच्या फाटकाबाहेरच्या भिंतीवर बसून भरती-ओहोटी, वारा आणि नव्या क्रूझ जहाजांचा भोंगळपणा यावर तासभर ऐकून घेऊ लागली. डॉब्ज आपला चहा आत पीत आणि तिचा कप फाटकाच्या खांबावर ठेवत. हिचे प्रश्न कमी झाले आणि त्यांचं बोलणं वाढलं.

एका सकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन गेली. म्हणाली, छान ऊन पडलंय. डॉब्ज दारात उभे होते. म्हणाले, "हो, छान."

तिने पिशवी खाली ठेवली. या माणसाने आजवर हवामानाला एकदाही छान म्हटलं नव्हतं. मग तिने नीट पाहिलं. त्यांच्या हातातला कप कलला होता, चहा सपातेवर सांडत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिने दोन्ही हात वर करायला सांगितले. एकच वर गेला. तिने अँब्युलन्सला फोन केला, मला हाक मारली, आणि आत जाऊन त्यांना खुर्चीत टेकवून अँब्युलन्स येईपर्यंत समोर बसून राहिली.

अँब्युलन्सबरोबर आलेल्या बाईंना तिने सगळं भराभर सांगितलं. ते शेवटचे धड कधी दिसले होते, कुठल्या गोळ्या घेतात, कुठली मुद्दाम टाळतात. त्या बाईंनी लिहून घेता घेता विचारलं, तुम्ही कोण? मी तिच्या मागेच उभा होतो. 'मी डॉक्टर आहे' हे वाक्य तिने आरशासमोर शेकडो वेळा म्हटलेलं मी ऐकलं होतं.

ती म्हणाली, "मी यांचं सामान आणते."

डॉब्ज वाचले. डाव्या हातात थोडी अशक्तता राहिली, जीभ मात्र पूर्ववत झाली, तीही शिव्यांपासून सुरुवात करून. परत आल्यावर त्यांनी साऱ्या रस्त्याला सांगितलं, की माझी स्वतःची डॉक्टर आहे, 'पार्बनी'ची. ते स्कॉटलंडमध्ये कुठेतरी असावं, असा त्यांचा बरेच दिवस समज होता.

पहिल्या इंटरव्ह्यूनंतर नकार आला. आम्ही तुमच्यामुळे अत्यंत प्रभावित झालो, असं त्यात म्हटलं होतं. तिने मला अर्थ विचारला नाही. "म्हणजे नाही," असं म्हणून ती भांडी घासायला लागली. मला ते बघून बरंही वाटलं आणि वाईटही.

दुसरा इंटरव्ह्यू तिने आमच्या मागच्या खोलीतून व्हिडिओवर दिला. सुनंदा जिन्यात कान देऊन बसली होती. त्यांनी विचारलं, या देशातल्या हॉस्पिटलचा अनुभव किती. ती म्हणाली, काहीच नाही, माझी अटॅचमेंट रद्द झाली. मग म्हणाली, पण इथली माणसं 'मी ठीक आहे' हे किती तऱ्हांनी म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मी त्यांना कांदे पोचवले आहेत. पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. सुनंदाला वाटलं, गेलं सगळं. तिने देवाजवळ ठेवायला आणलेले पेढे गुपचूप फ्रिजमध्ये मागे सारले. आठवड्याने नोकरी मिळाल्याचं कळलं तेव्हा ते दगडासारखे झाले होते. तसेच खाल्ले.

नोकरी दूर उत्तरेत होती. ती गेल्यावर मागची खोली आम्ही पुन्हा कुणाला दिली नाही. डॉब्जचं सामान आता मी नेतो. मी हवामानावर फार थोडं बोलतो, अशी त्यांची तक्रार आहे.

पुढच्या वर्षी निर्बंध उठल्यावर आम्ही तिच्या नोकरीच्या गावी गेलो. सुनंदाने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात बांधून घेतली होती. दुपारी हॉस्पिटलच्या दारात भेटू, असं ठरलं होतं. आम्ही पोचलो तर तिचा निरोप आला, की वॉर्डात एका आजींची तब्येत बिघडली आहे, सुटता येणार नाही, डबा ठेवून जा.

सुनंदा डबा घेऊन रिसेप्शनच्या खिडकीशी गेली. तिथल्या बाईंनी डबा घेतला आणि विचारलं, "कोणाकडून आलाय म्हणून सांगू? तुम्ही फॅमिली का?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं.

"हो," सुनंदा म्हणाली.

"मग बसा ना. तिला वेळ लागेल, पण येईल ती."

परतीची गाडी तासाभरात होती. आम्ही नातेवाइकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.