पलीकडचा पळस

"येती, पाणी बघती, जाती. मुकी हाय का काय?" येलदरीच्या काठावर धुणं धुणारी बाई सोबतिणीला म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

धरणाच्या पाण्यापलीकडे टेकडीवर पळस फुलला होता. तो झडायच्या आत मला तिथं फिरून यायचं होतं. नाव पलीकडच्या काठाला असते. इकडून हाक मारली तरच नावाडी येतो. आमच्या इंग्रजी शाळेत मोठ्यानं बोलणं वाईट समजत. माझ्यासाठी हाक मारायला सोबत कोणी नव्हतं, म्हणून तीन रविवार मी नुसतीच उभी राहून परतले होते.

बायका धुणं घेऊन निघून गेल्या. आता हसणारं कोणी उरलं नाही. मी ओरडले, "ओ मामा, मला न्यायला या."