कॅसेटमधली जागा

भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत मला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते, त्यामुळे हे टोपणनाव कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मी भजन म्हणायचो आणि आमच्या कोकणातल्या एका नामांकित बुवांसारखं हुबेहूब म्हणायचो. त्यांच्यासारखी मान, त्यांच्यासारखी पेटी, ओळ संपली की त्यांच्यासारखंच खाकरणं. वडील म्हणत, “तू गाऊ लागलास की वाटतं, बुवाच जेवायला आलेत.” आधी मला याचा केवढा अभिमान! पंचविशी उलटल्यावर मात्र राग येऊ लागला. आपला म्हणून काही गळा आहे की नाही, या विचाराने जेवण गोड लागेना.

तसा मी कुणाकडूनही उचलायला तयार असे. पलीकडच्या गल्लीत एक जण भीमगीतं गायचा. मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत शब्द कसा पोचवायचा, हे मी त्याच्याकडून घेतलं. श्वास कुठे चोरायचा ते घाटकोपरच्या एका भजनी मंडळात शिकलो. पण देव एकच. बुवांच्या एका कार्यक्रमाची कॅसेट माझ्याकडे होती. कुणी तरी कुणाकडून तरी उतरवून घेतलेली, पट्टी कधी तरी गुरफटलेली, पेन्सिलीने पुन्हा गुंडाळलेली. त्यातल्या गवळणीत ‘कान्हा’ म्हणताना बुवांचा सूर एकदम ढिला पडून खाली घसरायचा आणि हळूच चढून पुन्हा मूळ सुरावर यायचा. गाण्यातल्या अशा वळणाला आम्ही जागा म्हणतो. ही जागा काही केल्या माझ्या गळ्यातून निघेना. कंपनीत जाता-येता, मोरीत, भाजी निवडताना मी कान्हाला घसरवत राहिलो. जमली त्या दिवशी आमच्या पखवाजवाल्याला मी मिठीच मारली.

मग चाळीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला डबलबारी ठरली. म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसणार, आळीपाळीने गाणार आणि मधूनमधून एकमेकांना टोमणे मारणार. चाळीतली मंडळी खोडसाळ. एका बाजूला त्यांनी प्रत्यक्ष बुवांना बोलावलं आणि दुसऱ्या बाजूला मला बसवलं.

“वाट लागली रे तुझी,” पखवाजवाला म्हणाला. “त्यांनी शिजवलेलं त्यांनाच वाढणार तू?”

मी घाबरून काही दिवस नवीन चाली बसवायचा प्रयत्न केला. त्या इतक्या रडक्या झाल्या की शेवटी येतं तेच म्हणायचं ठरवलं. फार तर हसतील, असं मनाला सांगितलं. खरं तर हसण्याचीच भीती होती. चाळीसमोर, बुवांसमोर, आपण नुसती नक्कल आहोत हे एकदा सिद्ध झालं की पुन्हा पेटीला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिली बारी माझी. ओळ संपली, सवयीने मी खाकरलो आणि माझ्या मागचा सगळा कोरसही खाकरला. मंडपात हशा पिकला. बुवा शांतपणे पान चघळत होते. मी मान खाली घालून गवळणीवर आलो. ‘कान्हा’ला ती जागा घेतली आणि पाहतो तर बुवांचं पान चघळणं थांबलेलं.

त्यांची बारी आली. त्यांनी माइक जवळ ओढला.

“मंडळी, आज घराकडे आरसो विसारलंय. पण काय अडला नाय, समोरच बसलोहा!”

लोक खदखदून हसले. माझे कान तापले.

“ह्या झिलान माझा घर धुवन नेल्यान. खोकलो पण सोडूक नाय. पण कान्हाची ती जागा माझी न्हय. मी ती कधी घेवक नाय. खयसून आणलंस रे?”

“तुमचीच आहे, बुवा,” मी चाचरत म्हटलं. “कॅसेटमध्ये आहे.”

“माझ्या गळ्यात काय आसा ता माका ठावक नाय? ती तुझी. आता ती मी चोरतंय, बघ.”

आणि त्यांनी ती घेतली. माझ्या गळ्यात जी कसरत होती, ती त्यांच्या गळ्यात कान्हाचे लाड झाली. टाळ्या थांबेनात. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पखवाजवाल्याने कुठून तरी त्याच कार्यक्रमाची धड कॅसेट पैदा केली. तिच्यात ‘कान्हा’ सरळसोट, कुठे घसरगुंडी नाही. घसरत होती ती माझ्या कॅसेटची ताणलेली पट्टी! आम्ही दोघं हसून हसून लोळलो. पण त्या जागेने मला हिंमत दिली. तिच्या शेजारी दुसरी सुचली, मग तिसरी, आणि काही वर्षांत माझी गवळण माझी म्हणून ओळखू येऊ लागली. खाकरणं मात्र गेलं नाही.

बुवा पुढे ती जागा गावोगावी घेत राहिले. ते गेल्यानंतर बोरिवलीला माझा कार्यक्रम होता. तो संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम पुढे आले.

“कान्हाची ती जागा बुवांची ना? झकास उचललीस हो!”

पखवाजवाला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याचा हात दाबला.

“हो काका,” मी म्हटलं, “त्यांचीच.”