तोफेचा नकाशा

प्रेमानंदचे आजोबा इटारसीला क्वेकर, म्हणजे युद्धाला साफ नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे झाले, तेव्हापासून लढाईच्या कामाला त्यांच्या घरात कुणी हात लावला नव्हता. ओमानमधल्या गाला इथल्या वर्कशॉपमध्ये तो अकरा वर्षं पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढत होता. एके दिवशी मालकाने, म्हणजे अर्बाबने, त्याच्यापुढे तोफेच्या बैठकीचं काम ठेवलं.

“अर्बाब, हे मी करणार नाही. हवं तर राजीनामा देतो.”

त्याचा पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात होता. “दुसरा माणूस मिळेपर्यंत पासपोर्ट मिळणार नाही.”

चार महिने झाले. तो रोज आठला येऊन रिकाम्या टेबलाशी बसतो. फोनवर बायको सुलोचना विचारते, “घरी कधी येताय?” तो मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो. शुक्रवारी खोलीत तो एकटाच मौन प्रार्थनेला बसतो, पण मन काही केल्या शांत होत नाही. शनिवारी अर्बाब पुन्हा विचारतो आणि तो पुन्हा नाही म्हणतो.