फॉर्मवर लिहिलेलं ‘नो’

आईच्या पित्ताशयात खडे होते आणि पित्ताशयच दुर्बिणीतून काढायचं ठरलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई पलंगाशी आल्या तेव्हा फॉर्म माझ्या हातात होता. घरात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे असे कागद आपोआप माझ्याकडे येतात.

बाईंनी आईला नीट समजावलं. पोटाला चार छोटी छिद्रं पडतील. आई बेशुद्ध असतानाच त्या चारही जागी सुन्न करणारं औषध टोचायचं. मग जाग आल्यावर पहिले काही तास दुखणं कमी राहील, मळमळ आणणारी जड औषधं कमी लागतील, संध्याकाळी चार पावलं चालता येईल. चालण्याचं ऐकून आईने मान हलवली. उधन्यातल्या आमच्या घरात तिच्याशिवाय काहीच हलत नाही.

बाई आईला मासी म्हणत; त्यांनी गुजरातीत विचारलं, “मासी, सुन्न करवानुं इंजेक्शन पहेलां लीधुं छे? दांत माटे? कंई तकलीफ थई’ती?”

“ना, ना. कंई नहीं,” आई म्हणाली.

खिडकीपाशी उभ्या मावशीनेही नकारार्थी मान हलवली. मी रकान्यात ‘नो’ लिहिलं.

मी आठवीत होते तेव्हा आईची दाढ काढली होती. मावशी आणि मी बरोबर होतो. हिरडीत इंजेक्शन दिल्यावर मिनिटभरातच आई माझ्याकडे वळून म्हणाली, “जीभ जड पडनी मनी.” मग तिचे ओठ पांढरे झाले, छाती धडधडायला लागली आणि सगळं अंग थरथरायला लागलं. डॉक्टर तिचे पाय वर करत होते आणि मावशी ओरडत होती, “देवी ऊनी! कानबाई ऊनी!” तिने पर्समधल्या पुडीतलं कुंकू आईच्या कपाळाला लावलं. काही वेळाने आई शांत झाली. दोघींच्या लेखी कानबाई अंगात आली होती आणि कुंकवाने शांत झाली.

तेव्हापासून श्रावणात कानबाई बसते त्या दिवशी आईला पाटावर बसवतात. गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडतात. एरवी घरी साड्यांना लेस लावणाऱ्या माझ्या आईला कोणी पाट देत नाही. मावशी ती गोष्ट दरवर्षी सांगते. त्या गोष्टीत जड जीभ नसते. ते वाक्य फक्त मी ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे आई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी इंजेक्शनचा त्रास झालाच नव्हता. ‘नो’ तेवढं मी लिहिलं होतं.

वॉर्डबॉयने ट्रॉली आणली. आईने बांगड्या मावशीच्या हातात दिल्या. लिफ्टपर्यंत मी बरोबर चालले आणि मनात वाक्य जुळवत राहिले, हिंदीत, मग इंग्रजीत. लिफ्टचं दार बंद झालं. आता तिला झोपवतील आणि तेच औषध चार ठिकाणी टोचतील. जीभ जड झाली तर सांगायला ती जागी नसेल.

मी जिन्याने वर धावले. ऑपरेशन थिएटरच्या दारावर थाप मारली, आधी हळू, मग जोरात. नर्स चिडून बाहेर आली. मी म्हटलं, “भूलवाल्या डॉक्टर. प्लीज. आत्ता.”

बाई मास्क खाली करत आल्या. मी सगळं एका दमात सांगितलं.

“ये तुम अभी बोल रही हो?”

मग त्या भराभर विचारू लागल्या. अंगावर चट्टे आले होते का? तोंड सुजलं? श्वास अडकला? किती वेळात सुरू झालं, किती वेळात थांबलं? मला सगळं आठवत होतं.

“और मासीने मना क्यों किया?”

“उन्हें लगता है देवी आई थी.”

मला वाटलं त्या हसतील. “मारां सासुने पण आवे छे,” त्या म्हणाल्या. “नवरात्रिमां.”

ही ॲलर्जी वाटत नाही, औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं असावं, असं त्यांचं मत पडलं. आता त्या वजनाप्रमाणे मोजून देणार, सुई रक्तवाहिनीत नाही हे दर वेळी तपासून, थोडं थोडं, मॉनिटरवर नजर ठेवून. जरा जरी बदल दिसला तर तिथेच थांबणार. मग दुखणं जास्त राहील, त्याला दुसरी औषधं आहेत. दार बंद झालं.

वळले तर मागे मावशी, एका हाताने जिन्याचा कठडा धरून आणि दुसऱ्या हातात बांगड्या घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं.

“आठ आठ दिवस तोंड उघडस नई ही पोर,” ती म्हणाली, “अन् उघडं तं हे सांगाले!”

पुढचा दीड तास आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये एक जागा सोडून. दार उघडलं की दोघीही उठायचो.

आई शुद्धीवर आली तेव्हा तिचे ओठ मी आधी पाहिले. ते कोरडे होते, पण रंग नेहमीचाच होता.

“पोट दुखतंय?”

“ताणल्यासारखं लागस. पन खांदा लई दुखस.”

पोट फुगवायला गॅस भरतात, त्यामुळे खांदा दुखतो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी तिला तसं सांगितलं. मावशी तिच्या कानाशी वाकून बराच वेळ पुटपुटली. आईने माझ्याकडे पाहिलं.

“त्या बाईले दाढनं सांगं तू?”

“हो.”

“मंग तिनी इंजेक्शन दिधं का नई?”

“दिलं. चारही ठिकाणी.”

“दाढमां दिधं तेच?”

“तसंच.”

ती मावशीला म्हणाली, “देख मंग. दवाईमुये व्हतं, तर आज काबर काहीच नई व्हयनं?”

मावशीने तिथल्या तिथे हात जोडले.

आज काहीच का झालं नाही, याचं माझ्याजवळ उत्तर होतं. वजन, थोडं थोडं औषध, मॉनिटर. मी म्हटलं, “खांदा दाबू?”

“दाब.”

डिस्चार्ज कार्डवर बाईंनी दाढेच्या वेळचं सगळं तीन ओळींत लिहून दिलं. त्याची झेरॉक्स मी आईच्या पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे ठेवली आहे. कुंकवाची पुडीही त्याच कप्प्यात असते. श्रावणात आई पाटावर बसली तेव्हा गल्लीतल्या बायकांनंतर मीही वाकले. मावशी मला निरखत होती.