पांढऱ्यात दोन थेंब

थेंबमास्तर हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चौतीस वर्षं भिंती रंगवणाऱ्या या माणसाने डबा उघडला आणि आतला पांढरा रंग तसाच भिंतीला लावला, असं कधी झालेलं नाही. डब्यात डोकावायचं, नाक मुरडायचं, खिशातून निळ्या स्टेनरची, म्हणजे छटेसाठी मिसळायच्या गडद रंगाची, बाटली काढायची आणि बादलीत दोन थेंब सोडायचे. कधी तीन. किती, ते त्यांचा डोळा ठरवायचा. जरासं निळं पडलं की पांढरं आणखी उजळतं हे कुठलाही रंगारी सांगेल, पण नेमकं कुठे थांबायचं ते मास्तरांनाच साधायचं. ठेकेदार त्यांच्या डोळ्याचं कौतुक करायचे आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ऐकायचे मात्र सगळं.

म्हणूनच शहरातल्या एका जुन्या गोदामाची आर्ट गॅलरी करायला घेतली तेव्हा आर्किटेक्ट बाईंनी भिंतींसाठी मास्तरांना बोलावलं. बाई वयाने त्यांच्या थोरल्या मुलीएवढ्या. बोलणं मऊ, पण एकदा नाही म्हणाल्या की नाहीच. पहिल्या दिवसापासून त्यांचं अर्धंअधिक बोलणं मास्तरांच्या डोक्यावरून जायचं. गोदामाच्या चांगल्या बारा खिडक्या बाईंनी बोर्ड ठोकून बंद केल्या, आणि मग दिवसासारखा उजेड हवा म्हणून छताला दिवे लावायला माणूस बोलावला. छताला रंग नाही. काँक्रीट उघडं, त्याखालून जाणारे पाइप उघडे, आणि ते तसेच दिसायला हवेत म्हणे. भिंत जमिनीला टेकवायची नाही, खाली दोन बोटं फट सोडायची, म्हणजे ती अधांतरी वाटते. मास्तरांचा सारा जन्म फटी बुजवण्यात गेला होता.

"आणि मास्तर, भिंत कुणाच्या लक्षातच यायला नको," बाई म्हणाल्या.

"मग लावायची कशाला?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या. चित्र दिसावं, भिंत नाही, म्हणून हे पांढरं खास निवडलंय, असं त्यांनी समजावलं. डबा उघडायचा, ढवळायचा, लावायचा. त्यात काही घालायचं नाही. मास्तरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डबा उघडून बघतात तर रंग जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा पिवळट. कंपनीने जुना माल गळ्यात मारला, बाईंना काय कळणार, असं म्हणत त्यांनी बाटली काढली. या कामाने आपलं नाव वर जाईल किंवा मातीत जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पिवळ्या भिंतीवर नाव घालवायची त्यांची तयारी नव्हती.

जोडीला नेहमीप्रमाणे मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. पन्नाशीचा, कमी बोलणारा. थेंब मास्तरांनी सोडायचे, बादली त्याने ढवळायची आणि ट्रेमध्ये रंग ओतून द्यायचा, ही त्यांची वीस वर्षांची रीत. तीन खोल्या झाल्या. बाईंनी प्रत्येक भिंतीला त्या पांढऱ्याच्या नमुन्याचं कार्ड लावून बघितलं आणि तिन्ही खोल्या पास केल्या. बाईंना न सांगता केलेलं अंगाशी आलं नाही, उलट कामाला आलं, म्हणून मास्तर मनातल्या मनात खूश होते.

राहिली दारासमोरची मोठी भिंत, तीस फूट लांब. नेमकी तेव्हाच मेव्हण्याची सासू घसरून पडली आणि तो दोन दिवस गावाला गेला. मास्तरांनी एकट्यानेच भिंत उरकली. तेच डबे, तेच थेंब, तोच हात. शेवटचा हात मारून ते मागे सरले, तेव्हा या गॅलरीत आजवर इतकं पांढरं काही झालेलं नाही असं त्यांना वाटलं.

सकाळी दिवे लागले. बाई आल्या, दारातच थांबल्या.

"मास्तर, ही निळी झालीय."

मास्तरांना वाटलं, थट्टा चाललीय. बाईंनी कार्ड भिंतीला टेकवलं. मास्तरांनी बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, तुमचं कार्डच पिवळं पडलंय!"

"कार्ड नवं आहे, मास्तर."

"मग दिव्यांचा दोष."

दिवेवाल्याने बल्ब बदलून दाखवले. बाई नाहीच म्हणत राहिल्या. मास्तरांनी रखवालदाराला हाक मारली. त्याला चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे त्याचं मत निदान खरं असणार.

"ही भिंत कोणत्या रंगाची?"

"निळी नाही का?" रखवालदार म्हणाला आणि आपलं काही चुकलं की काय म्हणून बाईंकडे बघू लागला.

झाडूवाल्या मावशींना विचारलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "आकाशी म्हणतात ना हिला? छान दिसतेय की," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी मिळून आपल्याला वेड्यात काढायचं ठरवलंय म्हणावं, तर मावशींना त्यात काय मिळणार? थेंब चुकले म्हणावं, तर त्याच थेंबांवर तीन खोल्या पास कशा झाल्या? मास्तर पहिल्या खोलीत गेले. तिथली भिंत त्यांना पिवळट दिसली. लावली तेव्हाही जराशी वाटली होती, पण बाई खूश होत्या म्हणून ते गप्प बसले होते. पुन्हा मोठ्या भिंतीशी आले. पांढरीशुभ्र. पास झालेली पिवळी आणि नापास झालेली पांढरी, हे गणित काही केल्या सुटेना. बाई दोनदा घड्याळात बघून गेल्या. आठ दिवसांवर उद्घाटन होतं. उद्यापर्यंत बघू, नाहीतर दुसरा माणूस आणावा लागेल, असं त्या अगदी हळू आवाजात सांगून गेल्या.

दुपारी मेव्हणा गावाहून थेट तिथेच आला. दारात पिशवी खाली ठेवली, भिंत बघितली आणि डोक्याला हात लावला.

"भाऊजी, ही बादली तुम्ही लावली?"

"मग कुणी लावायची?"

मेव्हणा पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "मागच्या स्टोअरमध्ये चला."

स्टोअरच्या भिंती आपण यायच्या आधीच दुसऱ्या कुणी रंगवल्या असाव्यात अशी मास्तरांची समजूत होती. तिथे बाई फिरकतसुद्धा नसत.

"तुमच्या थेंबांच्या बादल्या सगळ्या इथे लागल्यात," मेव्हणा म्हणाला. "पुढे मी साधा डबा उघडून ट्रे भरायचो. ही खोली निळीशार आहे, भाऊजी. तुम्हाला नाही दिसत."

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष झालं. आधी दोन थेंब घालायचात. मग चार झाले, मग आठ. परवा किती घातलेत?"

मास्तरांनी मोजलेच नव्हते. पांढरं दिसेपर्यंत घातले होते.

"डोळ्यांत मोतीबिंदू झाला की असं होतं म्हणे. सगळं पिवळं दिसतं आणि आपल्याला कळतच नाही. मी डॉक्टरांना विचारून आलो होतो. पण तुम्हाला कोण सांगणार? तुमचा डोळा चुकला हे कुठल्या तोंडाने बोलायचं?"

मास्तरांना आधी सणसणून राग आला. दीड वर्ष हा माणूस आपल्या पाठीमागे बादल्या बदलतोय! जे कौतुक आपण मान खाली घालून घेत होतो, ते याचं होतं. त्याला दोन शब्द सुनवायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकदम रडू आलं. चौतीस वर्षांत साइटवर कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मेव्हण्याने दार लोटून घेतलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला.

थोड्या वेळाने तोंड धुऊन मास्तर एकटेच बाईंकडे गेले.

"मॅडम, भिंत निळीच आहे. मला दिसत नाही, पण आहे. तुम्ही नको म्हणालात तरी मी त्यात रंग घातला."

मास्तरांनी बादल्यांपासून सगळं सांगितलं, मेव्हण्याने काय केलं तेसुद्धा. बाईंनी भिंतीच्या कोपऱ्यापाशी जाऊन कडेवरून बोट फिरवलं. कड वरपासून खालपर्यंत सरळ होती, खालची फटही एकसारखी.

"रंग तुमचे मेव्हणे ढवळतील," त्या म्हणाल्या. "हात मात्र तुमचाच हवा. आणि बाटली माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तीस फूट भिंत पुन्हा रंगवली. दर हाताला त्यांच्या डोळ्यांदेखत चांगली पांढरी भिंत मळत, पिवळी पडत चालली होती. आपण काम बिघडवतोय असं हात सारखा सांगत होता, आणि शिडीखालून मेव्हणा म्हणत होता, "बरोबर आहे, भाऊजी. चालू द्या." संध्याकाळी दिवे लागले. बाईंनी कार्ड लावलं आणि मान डोलावली. मावशी म्हणाल्या, आता अगदी दुधासारखी झाली. मास्तरांनी त्या पिवळ्या भिंतीकडे बघितलं आणि गुपचूप रोलर धुवायला घेतला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बायकोने ऑपरेशनची तारीख सांगितली. मेव्हण्याने तिला सगळं कळवलं होतं. किंबहुना तिनेच त्याला दीड वर्षापूर्वी कळवलं होतं, हे आता बाहेर आलं.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

बायकोने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खोली त्याच सुमारास मास्तरांनी सुट्टी काढून, एकट्याने, दोन दिवस खपून रंगवली होती, तिला पांढरी हवी होती म्हणून.

"निळी आहे?"

"चांगलीच."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेने लावत होतात. मधेच शीळसुद्धा घालत होतात." ती म्हणाली. "भावाला सांगून ऑपरेशनच्या आधी पांढरी करून घेऊ? म्हणजे डोळे उघडल्यावर तुम्हाला वाईट वाटायला नको."

मास्तर उठून त्या खोलीच्या दारात गेले. आत सगळं पांढरं होतं, आजवर केलेल्या कुठल्याही खोलीपेक्षा पांढरं. या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे आता ठरलं होतं, पण दिसत होतं ते दिसतच होतं.

"नको," ते म्हणाले. "ती आहे तशी राहू दे. आधी मला बघू दे."