टायर आणि मडगार्डमधली दोन बोटं

आजोबांनी जुन्या गाडीला मागे रुंद टायर बसवले, हे तुम्हाला माहीत आहे. फोटो त्यांनीच पाठवले होते. त्यानंतर काय झालं ते त्यांनी कळवलं नाही, आणि तुमच्या बाबांना सांगू नकोस असं मला बजावलं. तुम्हाला सांगू नकोस असं काही ते म्हणाले नाहीत, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते. दिवाळीला तुम्ही नांदेड स्टेशनवर उतरणार आणि आजोबा तुम्हाला याच गाडीतून हिंगोलीला आणणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. त्याआधी तुम्ही हे वाचलेलं असावं.

सुरुवात पावसाळ्यात झाली, आखाडा बाळापूरहून परत येताना. ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणली होती आणि तिचा निसरडा थर झाला होता. मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत होता. आजोबा काही साइड देईनात. मला वाटलं, नेहमीचा हट्ट. ट्रक उजवीकडून अगदी लगत आला तेव्हा ते दचकले, स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडीची मागची बाजू घसरत रस्त्याखाली गेली. तिथे पाण्यानं भरलेली चारी होती. मागचं चाक तिच्या काठावर थांबलं. आजोबा उतरले, वाकून चाकं पाहिली आणि म्हणाले की टायर फार अरुंद आहेत, म्हणून गाडी घसरते. ते मला पटलं. हॉर्नचं मी विसरूनच गेले.

आमचा टायरवाला पन्नाशीचा आहे. त्याचं सगळं आयुष्य सेनगावच्या जीपगाड्यांचे टायर बदलण्यात गेलं. त्याच्या मते ही गाडी रुंद टायरासाठी बनलेली नव्हती, मागचे मडगार्ड चाकावर फार खाली येतात. आजोबा ऐकणार नव्हते. त्यानं टायर चढवले, जॅक काढला आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली. दोन बोटं गेली की झालं, हा त्याचा नियम. मीही घालून पाहिली. माझी बोटं बारीक, सहज गेली. मग मी समोरच्या हातगाडीवर चार लिंबं घ्यायला गेले, चाकांखाली ठेवायला. मी परत आले तेव्हा हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता आणि ते दोघं काहीतरी बोलत होते.

पुढच्या आठवड्यात वन्संना सेनगावला पोचवायचं होतं. वन्सं म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. त्यांना न्यायला त्यांच्या दोन सुना आल्या होत्या. गुडघ्यांमुळे वन्सं पुढे बसल्या, म्हणून कित्येक वर्षांत प्रथमच मी मागे बसले, बरोबर आजोबांच्या पाठीशी. दोन्ही सुना माझ्या शेजारी आणि डिकीत गव्हाचं पोतं.

शहर सुटलं आणि पहिल्या खड्ड्याला माझ्या खालून खर्र असा आवाज आला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. मग रस्ता सरळ असतानाही तो येऊ लागला. जळक्या रबराचा वासही यायला लागला. धाकट्या सुनेनं पदर नाकाला लावला.

वन्संनी मागे वळून पाहिलं. म्हणाल्या, "बापू, टायर बसवले का जातं बसवलं? काय वाजून राहिलं हे?"

आजोबा हसले. म्हणाले, काही वाजत नाही, जुनी गाडी आहे, तुला सवय नाही.

सुनांनाही हसू आलं. त्यांना वाटलं, मामा थट्टा करतायत. मलाही तसंच वाटलं असतं, पण आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो थट्टेचा नव्हता. आवाज माझ्या पायाला जाणवत होता आणि त्यांना तो खरोखरच येत नव्हता.

नरसीला चहाच्या दुकानापाशी मी गाडी थांबवायला लावली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. उजव्या टायरची बाहेरची कड सोलून निघाली होती आणि आतले धागे दिसत होते. बोट लावलं तर चटका बसला. दुकानदार वाकून बघून म्हणाला, अजून दोन-तीन किलोमीटर गेला असता तर फुटला असता. वन्सं आणि सुना तिथूनच जीपनं पुढे गेल्या, पोत्यासकट. आजोबांनी स्टेपनी लावली आणि आम्ही दोघं परत निघालो.

पुढची सीट आता मोकळी होती. तरी मी मुद्दाम मागेच बसले. पाय लांब करायचे आहेत म्हटलं.

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, गाडी थांबवा."

ते चालवत राहिले. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी मी तो आवाज लावला, जो शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आजोबांचा एक हात खिडकीवर होता, बोटांनी ते पत्र्यावर ताल धरत होते. मागून एक टेम्पो हॉर्न देत आला आणि गेला. त्यांची मान जराही वळली नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा टायरवाल्यावर रागावले. गाडी भरून का नाही पाहिली, असं विचारलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"काका, मी ईचारलं व्हतं. म्हटलं, मागं चार माणसं बसवून एक चक्कर मारू का. तुमी मान हलवली. मला वाटलं, नको म्हणून राहिले."

मी त्याला विचारलं, मान कशी हलवली. त्यानं करून दाखवली. धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही, थोडी तिरकी, सोबत बारीक हसू. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. न समजलेलं मूल अशीच मान हलवतं, बाईंनी पुन्हा विचारू नये म्हणून. वर्गात मी ते दुरून ओळखायची. घरात ओळखलं नाही. तुमच्याशी फोनवर दोन मिनिटं बोलून ते फोन माझ्याकडे का देतात, ते मला त्या दुकानात कळलं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखलंय हे त्यांना कळलं, असं मला वाटतं. पण ते टायरवाल्याला म्हणाले की मडगार्डची आतली कड ठोकून वर वळव आणि नवा रुंद टायर लाव. त्यानं तसं केलं. या वेळी चार माणसं बसवून पाहिली. टायर घासला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे जायचं मी तीनदा काढलं. टायरचं होतं, ते झालं, असं उत्तर मिळालं. किल्ली मागितली तर ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. रोज सकाळी गाडी पुसतात आणि मडगार्डखाली दोन बोटं घालून बघतात. नांदेडला जायचा रस्ता तोच आहे, आखाडा बाळापूरचा, आणि दिवाळीपर्यंत शेतांतून सोयाबीनचे ट्रक सुरू झालेले असतील.

मी एका जीपवाल्याशी बोलून ठेवलं आहे. तो विश्वासाचा आहे. मी जीपमधूनच येईन. आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही. ते माझ्या आधी निघतील, हे मला ठाऊक आहे. मी किल्ली लपवली तर दुसरी त्यांच्याकडे आहे.

तेव्हा स्टेशनाबाहेर आपली पांढरी गाडी दिसली तर तिच्यात बसू नका. आजोबांना भेटा, पाया पडा. बोलाल ते समोर उभं राहून, सावकाश बोला. मग तुम्ही दोघांनी त्यांचे दोन्ही हात धरा आणि त्यांना जीपकडे घेऊन या. तुमच्या हातातून ते हात सोडवून घेणार नाहीत. मी धरला तर घेतात.