एक थांबा पुढचं तिकीट

गोंदियाहून देवरीची एसटी सुटली तेव्हा माझ्या पोटात तर्रीपोहे होते आणि डोक्यात एक कुतूहल. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा सरकारी आदेश निघाला, तो गावात नेमका कुठपर्यंत पोहोचतो? ते बघायला मी साताऱ्याहून वस्त्यांच्या जुन्या नावांची यादी घेऊन आले होते. कंडक्टरला यादीतलंच नाव सांगितलं. इथे ते लिहीत नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि स्वतः पुढच्या फाट्याचं तिकीट घेतलं.

"ते नाव कायले घेता जी? आता समतानगर हाय."

"मशीनमधी जुनंच भरलं हाय," कंडक्टर वैतागून म्हणाला. "मी का करू?"

या सुलोचनाबाई. पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. नव्या नावाची पाटी लागल्यापासून त्या जुन्या नावाचं तिकीट घेत नाहीत. घर ओलांडून फाट्यावर उतरतात आणि चालत मागे येतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही त्यांच्याबरोबर फाट्यावरच उतरले.

रस्त्याकडेला मोहफुलं वाळत पडली होती. ऊन म्हणजे नुसती भट्टी. वस्तीच्या तोंडाशी निळी पाटी दिसली, तशी बाईंची चाल वाढली. घरी गेल्या गेल्या त्यांनी लाइटबिल दाखवलं, त्यावर समतानगर छापलेलं.

"पोरायनं मोर्चे काढले, ग्रामसभेत ठराव घेतला. समदे आयकले. एसटीच तेवढी नाई आयकत."

बोलता बोलता त्या लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होत्या. मी विचारलं, "पण या वयात इतकं चालता कशाला?"

"मी त चालीन. जूनपासून नात देवरीले कॉलेजात जाईन. पासावर तेच नाव येईन. पोरीनं रोज चारचौघात तो पास काढावा का?"

त्यांनी झाऱ्याने वडे काढले.

डेपोला दोन अर्ज गेले होते, उत्तर नव्हतं. तिसरा लिहायला मी बसले आणि सवयीने, 'अमुकचे नाव बदलणेबाबत' म्हणून, पहिल्याच ओळीत जुनं नाव लिहिलं. पटकन खोडायला गेले.

"खोडू नका. नवा कागद घ्या."

"पण त्यांना कळणार कसं?"

"त्याइच्या मशीनमधी हाय ना. त्याइले ठाऊक हाय."

नव्या कागदावर फक्त समतानगर लिहिलं. बाईंनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

परतीला तीच बस, तोच कंडक्टर. मी पाटीजवळ चढले आणि फाट्यापासूनचं तिकीट मागितलं.

"तुमीपन का, बाई?" तो म्हणाला, आणि मुकाट्याने तिकीट दिलं.

घरी आल्यावर ती जुनी यादी फाडून टाकली. तिकीट ठेवलंय. नातीचा पास हातात आला की सुलोचनाबाई फोन करणार आहेत. जून लागला, अजून फोन आलेला नाही.